पुस्तकाला जामीन राहताना

वकिलीच्या व्यवसायात मनुष्य ज्या गोष्टी फार लवकर शिकतो, त्यांत कोणाला सहजासहजी जामीन न राहणे ही एक होय. अशिलाची बाजू मांडणे निराळे आणि त्याच्याविषयी स्वतःच्या नावाने हमी देणे निराळे. पहिल्यात आपण त्याचे शब्द पोहोचवतो. दुसऱ्यात आपली पत गहाण टाकतो. आश्चर्य असे की, या बाबतीत एरवी इतके काटेकोर असणारे आम्ही लोक पुस्तकांची शिफारस करताना मात्र अगदी उदार होतो. न्यायालयाच्या आवारात चहा पिता पिता, ‘हे वाचाच,’ असे आपण दहा जणांना दहा पुस्तकांविषयी सांगतो आणि विसरून जातो. ज्याला सांगितले त्याने ते खरोखरच आणून वाचले, आणि आठ दिवसांनी समोर येऊन ‘हे मला का वाचायला लावलेत?’ असा प्रश्न केला, तर काय उत्तर द्यावे याचा विचार शिफारस करणाऱ्याने क्वचितच केलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात हा प्रसंग माझ्यावर आला. त्यातून माझ्या आवडत्या पुस्तकांची माझ्या मनातील मांडणीच बदलली. तेव्हा या अंकासाठी अलीकडे वाचलेल्या आणि इतरांनी वाचावीत अशा पुस्तकांविषयी लिहिताना, केवळ नामावळी न देता, तो प्रसंगच वाचकांपुढे ठेवावा असे मनात आले.

मी खेरडीस राहतो. खेरडी हे दादरा आणि नगर हवेली या मुलखातले एक गाव. इथून सिल्वासाच्या न्यायालयात माझे जाणे-येणे असते. या मुलखाची बोलण्याची भाषा विचारली तर एका वाक्यात सांगता येत नाही. घरात वारली किंवा कोकणा बोली, बाजारात गुजराती, शाळेत गुजराती किंवा मराठी, कारखान्यात हिंदी आणि न्यायालयाच्या कागदांवर इंग्रजी अशी आमची स्थिती आहे. अशा ठिकाणी मराठी पुस्तकांचा संग्रह बाळगणारा मनुष्य आपोआपच गावचे ग्रंथालय होऊन बसतो. माझ्याकडे पुस्तके मागायला येणाऱ्यांत जवळच्या एका पाड्यावरचा एक वारली तरुण आहे. तो कायद्याचे शिक्षण घेत आहे. त्याच्या घरात इतके शिकलेला तो पहिलाच. त्याने एकदा मला विचारले, “साहेब, आपल्या मुलखाविषयी वाचण्यासारखे काय आहे?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्या ओठांवरच होते. मी कपाटातून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 12 एप्रिल 1960 चा निर्णय काढून त्याच्या हाती दिला.

न्यायनिर्णयाची गणना वाचनीय पुस्तकांत करणे हे वकिलाचे वेड आहे असे कोणी म्हणेल. पण ज्यांनी हा निर्णय वाचला असेल त्यांना माझे म्हणणे पटेल. 1954 च्या जुलैत प्रथम दादरा आणि मग 2 ऑगस्ट रोजी सिल्वासा स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले. त्यांत गोमंतकीय होते, तसे महाराष्ट्रातले तरुणही होते. सुधीर फडके यांच्यासारखा गायक-संगीतकार त्या धाडसात होता ही गोष्ट आजही पुष्कळांना नवल वाटावे अशी आहे. पुढे सात वर्षे इथला कारभार वरिष्ठ पंचायतीने चालविला आणि 11 ऑगस्ट 1961 रोजी हा मुलूख रीतसर भारतीय संघराज्यात आला. मधल्या काळात, 22 डिसेंबर 1955 रोजी, पोर्तुगालने हेगला दावा लावला. दमणहून या अंतर्भागांत जाण्याचा वाटेचा हक्क भारताने नाकारला, अशी त्याची तक्रार होती. दमण समुद्रकाठी आणि हा मुलूख आत डोंगराकडे. मधली भूमी भारताची. एका वाटेचा हा खटला जगातल्या सर्वांत उच्च न्यायपीठापुढे चालला. भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश न्या. मु. क. छागला हे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश होते.

मराठी वाचकाला या निर्णयातला सर्वांत रसाळ भाग सापडतो तो मात्र अठराव्या शतकात. पोर्तुगीजांचा या गावांवरचा अधिकार 1779 च्या पुण्याच्या तहातून आणि 1783 व 1785 च्या सनदांतून आला होता. मैत्रीखातर दरसाल बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून द्यावी, असे पेशव्यांच्या दरबाराने कबूल केले होते. आता प्रश्न असा की, दिले ते काय? भूमीवरचे स्वामित्व दिले की केवळ वसूल खाण्याचा अधिकार? तहाच्या निरनिराळ्या प्रती आणि भाषांतरे न्यायालयापुढे आली. जहागीर आणि सरंजाम या आपल्या घरच्या शब्दांचा अर्थ हेगला तपासला गेला. अशा देणगीचा अर्थ कोठे प्रदेशाचे स्वामित्व देणे असा केला गेल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे आलेले नाही, अशी नोंद करून न्यायालयाने मराठ्यांकडून स्वामित्व मिळाल्याचे मानले नाही. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे स्वामित्व व्यवहारात आणि गर्भितपणे मान्य केले, हेही त्याने नमूद केले. मग सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीचा हिशेब झाला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. शस्त्रधारी सैन्य, पोलीस आणि दारूगोळा यांना तो नव्हता, कारण 1878 च्या तहानंतर तरी त्यांच्यासाठी परवानगी लागतच असे. हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. आणि 1954 मध्ये भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. एकाच वाटेवरून चालणाऱ्या माणसामाणसांत असा विवेक करणे, आणि एका मताच्या फरकाने त्यावर निर्णय टांगलेला असणे, हे मला एखाद्या उत्तम नाटकाइतके चित्तवेधक वाटत आले आहे. आपल्या दारापुढचा रस्ता आणि आपल्या भाषेतले शब्द हेगला जाऊन आले, याचा अभिमानही त्यात होता, हे मी लपवीत नाही.

आठ दिवसांनी तो तरुण निर्णय परत घेऊन आला. त्याने तो मन लावून वाचला होता. कायद्याचे मुद्दे त्याला बिनचूक सांगता आले. मग तो थोडा संकोचाने म्हणाला, “साहेब, यात दोन सरकारे बोलतात, पंधरा न्यायाधीश बोलतात, पेशवे बोलतात. पण गावातले कोणीच कसे बोलत नाही?”

मी वकिली उत्तर दिले. वाद दोन राज्यांमधला होता, गावकरी पक्षकार नव्हते, न्यायालयापुढे आणलेला प्रश्न तेवढाच होता. उत्तर कायद्याने बरोबर होते. पण तो निघून गेल्यावर निर्णय पुन्हा उघडून बसलो, आणि इतक्या वर्षांत जे माझ्या लक्षात आले नव्हते ते दिसू लागले. 72 गावे ज्यांच्या श्रमावर बारा हजारांचा वसूल देत होती, ती माणसे या सबंध कागदात एका आकड्याच्या आड आहेत. तहात ती उत्पन्न म्हणून येतात आणि निर्णयात लोकवस्ती म्हणून. मी ज्याला नाटक म्हणत होतो, त्यात आमच्या गावाला एकही वाक्य नव्हते. मी एका वारली मुलाला त्याच्या मुलखाविषयीचे पुस्तक म्हणून असे पुस्तक दिले होते, ज्यात तो कोठेच नव्हता. मी जामीन राहिलो होतो खरा, पण कोणाजवळ आणि कशासाठी, याचा विचार केला नव्हता.

चूक दुरुस्त करावी म्हणून मी त्याला गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ दिले. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक सर्वज्ञात आहे, पण जितके ज्ञात तितके वाचले जाते असे मला वाटत नाही. डहाणू, उंबरगाव, तलासरी हा आमच्या सीमेला लागून असलेला प्रदेश. तिथल्या वारल्यांना जमीनदार वेठीला धरीत. लग्नासाठी कर्ज काढलेला तरुण नवरा-नवरी मिळून सावकाराच्या घरी राबत असे आणि ते कर्ज जन्मभर फिटत नसे. त्याला ‘लग्नगडी’ असेच नाव होते. 23 मे 1945 रोजी झरी येथे भरलेल्या परिषदेत पाच हजारांवर वारली जमले आणि वेठ व लग्नगडीची पद्धत मोडण्याचा निश्चय त्यांनी केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे त्यात मरण पावले.

मी स्वतः कायद्याचा पदवीधर असल्यामुळे या पुस्तकातली एक गोष्ट मला विशेष भिडते. गोदावरीबाई महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या महिला कायदे-पदवीधरांपैकी. वेठ कायद्याने निषिद्धच होती, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ती चालू होती, आणि ती थांबली ती कायद्याच्या कलमामुळे नव्हे, तर ‘आम्ही येणार नाही’ हे वाक्य वारल्याने प्रथम उच्चारल्यामुळे. कायदा आणि तो उच्चारणारी जीभ यांच्यामधले अंतर या पुस्तकाइतके स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेले नाही. भाषा साधी, वाक्ये आटोपशीर, वर्णनाचा सोस नाही. शहरातून आलेल्या बाईला डोंगरातल्या माणसाचा विश्वास एका दिवसात मिळत नाही, ही गोष्ट त्या झाकून ठेवीत नाहीत. त्यामुळे पुढे जेव्हा तो विश्वास मिळतो, तेव्हा तो वाचकालाही कमावलेला वाटतो.

मात्र टीकाकाराने आपल्या आवडीलाही उलटतपासणीतून सोडू नये. हे पुस्तक एका चळवळीच्या नेत्याचे आहे आणि चळवळीला जे दाखवायचे आहे त्याच्या प्रकाशात माणसे उभी राहतात. वारली इथे भितो, मग जागा होतो, मग लढतो. शीर्षकच तसे सांगते. पण लढ्याच्या आधीही तो जागाच होता. त्याची गाणी, त्याचे देव, त्याच्या घरातली भांडणे आणि थट्टा हे सारे चालूच होते. त्याला इथे जागा मिळते ती लढ्याच्या अनुषंगाने. पुस्तकाचे प्रयोजन पाहता हे अपरिहार्य असेल, परंतु वाचकाने ते ध्यानात ठेवावे.

तरुणाने पुस्तक एका रात्रीत संपविले. त्यातल्या कित्येक गावांत त्याच्या नात्यातली लग्ने झालेली आहेत. सीमा सरकारांची होती. सोयरिकी तिला जुमानीत नव्हत्या. त्याच्या आजीने लग्नगडीच्या गोष्टी त्याला सांगितल्या होत्या. त्या अशा छापलेल्या पाहून तो हलून गेला होता. तथापि त्याच्या बोलण्यात एक किंतु होताच. “बाई आमच्यासाठी फार चांगले बोलतात,” एवढेच तो म्हणाला. ‘आमच्यासाठी’ या शब्दावर त्याने जोर दिला नव्हता. तो मला माझ्याच कानाने ऐकू आला. न्यायालयात मी रोज जे करतो तेच ते होते.

तिसरे पुस्तक कोकणीतले, पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही 1977 ची कादंबरी. या नियतकालिकाच्या कोकणी वाचकांना तिचा परिचय करून देण्याची गरज नाही. मराठी वाचकांपैकी ज्यांनी ती केवळ भाषेच्या धाकाने दूर ठेवली असेल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. फोंड्याकडच्या अंत्रुज भागातली ग्रामीण कोकणी तीत आहे. डोळ्यांनी वाचताना मला पहिली वीस पाने जड गेली. मोठ्याने वाचू लागलो आणि वाट मोकळी झाली. ही युक्ती मी सर्व मराठी वाचकांना सुचवितो. ती कोकणीला कानांनी भेटण्याची भाषा मानते, आणि अशा भेटीत आपल्या मराठीची थोडी अकड उतरते. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांच्यासाठी विद्या पै यांचे इंग्रजी भाषांतर 2002 पासून उपलब्ध आहे.

कथा कोळंब गावातल्या पंढरी आणि रुक्मिणी यांच्या कुटुंबाची. गावाजवळ खनिजाची खाण सुरू होते. रोजचा रोकड पैसा दिसू लागतो, शेते पडीक राहतात, आणि शेताबरोबर ज्या गोष्टी घराला धरून होत्या त्याही एकेक सुटत जातात. खाणीचे नुकसान धुळीत आणि गढूळ पाण्यात दाखविणे सोपे. नायकांनी ते माणसांच्या बोलण्यात आणि घरातल्या वागण्यात दाखविले आहे. माझा आक्षेप आहे तो उत्तरार्धाविषयी. एकदा घसरण सुरू झाल्यावर प्रत्येक पायरी अपेक्षित तिथेच येते. कोणी मध्येच सावरत नाही, कोणाला खाणीतून थोडे सुखही लाभत नाही. आयुष्य इतके एकमार्गी नसते. आमच्या मुलखातच पाहा. करसवलतींमुळे इथे कारखाने आले. दमणगंगेवर मधुबन धरण झाले, त्यात काहींच्या जमिनी गेल्या. पण ज्या पाड्यावर पगार आला तिथे मुलांची शाळाही आली. माझ्यासमोर बसून कायदा वाचणारा हा तरुण कारखान्यातल्या मजुराचाच मुलगा आहे. नुकसान आणि लाभ एकाच घरात, एकाच चुलीपाशी बसलेले असतात. ते लिहिणारी कादंबरी अधिक अवघड झाली असती. तरीही ‘अच्छेव’ची शिफारस मी निःशंकपणे करतो, कारण तिच्यातला गाव बाहेरून पाहिलेला नाही. ज्यांना हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहायचा असेल त्यांनी महाबळेश्वर सैल यांची ‘हावठण’ वाचावी. गोव्यातल्या कुंभारांचा धंदा आणि त्याबरोबर एक सबंध जीवनरीत विझत जाण्याची ती कथा आहे. तिला 2016 चा सरस्वती सन्मान मिळाला.

‘अच्छेव’ची काही पाने मी त्या तरुणाला वाचून दाखविली. आमच्याकडची कोकणा बोली आणि गोव्याची कोकणी यांत तो शब्द ताडून पाहत होता. काही जुळले की त्याला आनंद होई. पण पुस्तक त्याने मागून नेले नाही.

त्याने स्वतः होऊन जे पुस्तक नेले, ते पाहून मात्र मी चकित झालो. ते होते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. माझ्या मते हे मराठी गद्यातले एक अजोड पुस्तक आहे, पण ते मी त्याला सुचविलेच नव्हते. 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले, एका ब्राह्मण कुटुंबात वाढलेल्या बाईचे ते आत्मकथन. पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पत्नी काही वर्षे दूर राहिली, मग स्वतःच्या वाटेने तिथे पोहोचली. नाशिकच्या बाजूची ही एकोणिसाव्या शतकातली कहाणी; तीत या मुलाचे काय होते? माझ्या मनातला समज असा की, त्याला स्वतःचे लोक पुस्तकात पाहिजेत, म्हणून वारल्यांचे पुस्तक द्यावे, गावाचे द्यावे. हा समज किती उथळ होता, ते त्याने दाखविले.

पंधरा दिवसांनी तो भेटला तेव्हा पुस्तकातला एक प्रसंग सांगताना त्याला हसू आवरेना. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड आरंभीच येते. घरातली माणसे आणि जिन्नस त्या वेडापायी कसे हैराण होत, हे त्या सांगतात. मला वाटले होते की, विटाळाची ही वर्णने त्याला टोचतील. त्या वेडाची झळ पिढ्यान् पिढ्या कोणाला लागत आली आहे, हे त्याला सांगायला नको. तो म्हणाला, “साहेब, या बाईंनी आपल्याच घराला हसून दाखवले आहे. कोणाला विचारून नाही, कोणासाठी नाही. माझी आजी अशीच बोलते.”

या एका वाक्याने त्याच्या पहिल्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. गावातले कोणी का बोलत नाही, असे त्याने विचारले होते. गावाविषयी कोणी का बोलत नाही, असे विचारले नव्हते. या दोहोंतला फरक वकिलाने तरी ओळखायला हवा होता. न्यायालयात न्यायाधीश बोलतो, वकील बोलतो, साक्षीदार बोलतो आणि क्वचित पक्षकार स्वतः उभा राहून बोलतो. पुस्तकेही अशीच चार तऱ्हांची असतात. हेगचा निर्णय न्यायाधीशाचा आहे. त्याला दोन्ही बाजू तोलायच्या आहेत. परुळेकरबाईंचे पुस्तक प्रामाणिक आणि धैर्यवान वकिलाचे आहे. ‘अच्छेव’ गावातल्या डोळस साक्षीदाराची जबानी आहे. आणि ‘स्मृतिचित्रे’ पक्षकाराचे आहे. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने कोणाला वकीलपत्र दिलेले नाही. तिला काही सिद्ध करायचे नाही, म्हणूनच ती स्वतःच्या चुका, भीती, हट्ट आणि नवऱ्याचा विक्षिप्तपणा एकाच सुरात सांगू शकते. थोर पतीच्या चरित्राला तिने आपले आयुष्य पुरवणी म्हणून जोडलेले नाही, हे तिचे मोठेपण. चौघांच्या बोलण्याला आपापले मोल आहे, आणि एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. पण चौथा बोललाच नसेल, तर पहिल्या तिघांच्या बोलण्यात एक उणेपणा राहतो, तो त्यांच्या कितीही सचोटीने भरून येत नाही.

माझ्या कपाटात या 72 गावांतल्या पक्षकाराचे पुस्तक नाही. कणसरी देवीची कथा घांगळीच्या साथीने रात्रभर गाणारे भगत या डोंगरांत आहेत. ते आमचे वाङ्मय आहे, पण ते कपाटात मावणारे नव्हे आणि मी त्याचा जाणकारही नव्हे. एखाद्या आजीने जशी गोष्ट सांगितली तशीच, कोणाच्या बाजूचा पुरावा म्हणून न सजवता, उतरून काढली तर ते पुस्तक होईल. ते कोणी लिहावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्या तरुणालाही मी ते सुचविलेले नाही. परीक्षेचे ओझे त्याच्यावर पुरेसे आहे, आणि आपल्या जमातीचा प्रतिनिधी होण्याची सक्ती ही देखील एक प्रकारची वेठच आहे.

असो. वाचकांपुढे आता माझी दुरुस्त शिफारस ठेवतो. ‘स्मृतिचित्रे’ प्रथम वाचावे, आणि शाळेत धडा म्हणून वाचले असेल तर ते विसरून पुन्हा वाचावे. मग ‘जेव्हा माणूस जागा होतो’. वाचताना नकाशा जवळ ठेवावा, म्हणजे मुंबईपासून हा मुलूख किती जवळ आहे ते कळेल. मग ‘अच्छेव’, मोठ्याने. हेगचा निर्णय मी मागे घेत नाही. त्याचा तर्क आजही मला मोहवितो. पण तो शेवटी वाचावा. आधीची तीन वाचून झालेल्या वाचकाला त्याच्या पानापानांत काय लिहिलेले नाही, तेही वाचता येईल. या चारांना मी जामीन राहतो, आणि या वेळी जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी ते पुरते वाचले आहे.

तीन पुस्तके कपाटात परत आली आहेत. ‘स्मृतिचित्रे’ अद्याप आलेले नाही. त्या तरुणाने ते आजीला वाचून दाखवायला घेतले आहे, आणि ती मध्येच थांबवून आपल्या गोष्टी सांगू लागते, म्हणून पाने पुढे सरकत नाहीत, असे तो म्हणाला. मी तगादा लावलेला नाही.